पत्रिकेतला शुभ योग खरा की नुसता नावाचा? तपासायचा बरोबर क्रम आणि नेहमीच्या चुका

"ॲपने माझ्या पत्रिकेत गजकेसरी, बुधादित्य, नीचभंग राजयोग असं सगळं दाखवलंय, मग तीन वर्षं झाली काहीच का हलत नाही?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की शेवटी म्हटलं एकदा बसून सगळं नीट लिहूनच काढू.

बहुतेकांची चूक एकच असते. ते आधी योगाचं, म्हणजे ग्रहांच्या ठराविक मांडणीचं, नाव शोधतात आणि मग पत्रिका बघतात. खरं तर योग बघणं ही पाचवी पायरी आहे, त्याआधी चार कामं करायची असतात, आणि ती न करता योग शोधला तर कुणाच्याही पत्रिकेत आठ-दहा शुभ योग सहज निघतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका, एखादी पायरी कंटाळवाणी वाटली तरी.

लागणारं सामान: एक वही, पेन्सिल, जन्मतारीख-वेळ-ठिकाण, आणि अंशांसकट ग्रहस्थिती देणारं कुठलंही सॉफ्टवेअर. नुसत्या चौकटीचा फोटो पुरत नाही, अंश पाहिजेतच.

## पायरी १: जन्मवेळ पक्की करा

लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास. लग्नाचा एक अंश साधारण ४ मिनिटांत सरकतो आणि पूर्ण लग्नराशी साधारण २ तासांत बदलते. केंद्र आणि त्रिकोण (कुठली स्थानं ते पायरी ३ मध्ये), कुठला ग्रह कुठल्या स्थानाचा म्हणजे पत्रिकेतल्या घराचा मालक, हे सगळं लग्नावरून ठरतं, म्हणजे लग्न चुकलं की पुढचं सगळंच चुकलं. नवमांशाचं (राशीच्या नऊ तुकड्यांवरून काढलेल्या पत्रिकेचं, पायरी ६) लग्न तर साधारण १३ मिनिटांतच बदलतं.

वेळ घेताना होणाऱ्या चुका बघा:

- रात्री १२ नंतरचा जन्म. घरातले सांगतात "सोमवारी रात्री झाला", कारण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. पण रात्री दीडचा जन्म असेल तर इंग्रजी तारखेने तो मंगळवार झाला. माझ्या मावसबहिणीच्या पत्रिकेत हेच झालं होतं, वर्षानुवर्षं एक दिवस आधीची तारीख धरली होती, ती दुरुस्त केली तर लग्न जवळपास तेच राहिलं पण चंद्राची रास बदलली आणि जो गजकेसरी सगळे कौतुकाने सांगायचे तो पत्रिकेत नव्हताच.
- दुपारचे १२ आणि रात्रीचे १२ यांची अदलाबदल. सॉफ्टवेअरमध्ये भरताना २४ तासांच्या घड्याळाने भरा, घोळ होत नाही.
- आजी-आजोबांच्या पत्रिका. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. त्या काळातला जन्म असेल आणि वेळ घड्याळाची असेल तर एक तास वजा करावा लागतो. काही सॉफ्टवेअर आपोआप करतात, काही नाही, त्यामुळे स्वतः बघून घ्या.

तपासा: लग्नाचे अंश ० ते २ किंवा २८ ते ३० च्या मधे येतायत का? येत असतील तर वेळ १० मिनिटं मागे आणि पुढे करून पत्रिका काढा. लग्नराशी बदलत असेल तर आधी वेळेचा निकाल लावा, योग नंतर.

## पायरी २: चौकट बरोबर वाचा

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये निरयन पद्धत (ताऱ्यांवरून राशी मोजणारी) आणि लाहिरी म्हणजे चित्रापक्ष अयनांश (सायन आणि निरयन मोजणीतलं अंतर) आहे ना ते बघा. सध्या हा अयनांश साधारण २४ अंशांचा आहे, त्यामुळे सायन (वसंतसंपातापासून राशी मोजणाऱ्या) पद्धतीच्या पाश्चात्त्य ॲपवरून ग्रह उचलले तर बहुतेक ग्रह एक रास पुढे दिसतात आणि भलतेच योग तयार होतात. टिळक पंचांगाचा अयनांश लाहिरीपेक्षा सुमारे ४ अंशांनी कमी आहे, म्हणून घरातल्या जुन्या पत्रिकेत आणि मोबाईलवरच्या पत्रिकेत एखादा ग्रह वेगळ्या राशीत दिसला तर घाबरू नका, पण एकच पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. जिथून जो योग मिळेल तो उचलायचा असं करू नका.

आता आकड्यांचा गोंधळ, नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडच्या तिरक्या रेषांच्या चौकटीत जे आकडे लिहिलेले असतात ते राशींचे असतात, स्थानांचे नाहीत. वरचा मधला चौकोन हे कायम पहिलं स्थान. तिथे ७ लिहिलं असेल तर तूळ लग्न, आणि मोजायचं घड्याळाच्या उलट दिशेने. "माझा गुरू चौथ्या स्थानात आहे" असं म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा गुरू चौथ्या राशीत, म्हणजे कर्केत असतो, आणि स्थान वेगळंच असतं. दक्षिणी पद्धतीच्या चौकटीत उलट, तिथे राशींच्या जागा ठरलेल्या असतात, लग्न कुठे लिहिलंय ते शोधावं लागतं आणि घड्याळाच्या दिशेने मोजतात.

मोजताना सुरुवातीचं घर धरून मोजायचं. चंद्र मकरेत असेल तर मकर एक, कुंभ दोन, मीन तीन, मेष चार. पुढच्या राशीपासून एक म्हणायला सुरुवात केली की केंद्र हुकलंच.

## पायरी ३: स्थानांचे मालक हाताने लिहून काढा

इथे वही लागते. १ ते १२ आकडे उभे लिहा, समोर त्या स्थानातली रास, त्याच्या समोर राशीचा मालक, आणि शेवटी तो मालक कुठल्या स्थानात बसलाय ते. दहा मिनिटांचं काम आहे. सॉफ्टवेअर हे देतं पण हाताने लिहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही, हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय.

मग खुणा करा. केंद्रं म्हणजे १, ४, ७, १०. त्रिकोण म्हणजे १, ५, ९. लग्न दोन्हीकडे येतं म्हणून लग्नेश म्हणजे लग्नाचा मालक सगळ्यात महत्त्वाचा. त्रिक स्थानं म्हणजे ६, ८, १२. धनाची स्थानं २ आणि ११.

आता बघा, लग्न सोडून एकच ग्रह केंद्र आणि त्रिकोण दोन्हीचा मालक होतोय का? झाला तर तो योगकारक, त्याला दुसऱ्या कुणाची गरजच नाही. हे सहाच लग्नांना होतं:

- वृषभ आणि तूळ लग्नाला शनी
- कर्क आणि सिंह लग्नाला मंगळ
- मकर आणि कुंभ लग्नाला शुक्र

सावध: "शनी वाईट, गुरू चांगला" हे इथे चालत नाही. तूळ लग्नाला गुरू तिसऱ्या आणि सहाव्याचा मालक असतो आणि शनी चौथ्या-पाचव्याचा. म्हणजे त्या पत्रिकेत शनीचा योग जास्त मोलाचा. निसर्गतः शुभ ग्रह आणि त्या लग्नाला शुभ ग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या मिसळल्या की निम्म्या पत्रिका उलट्या वाचल्या जातात.

## पायरी ४: प्रत्येक ग्रहाचं बळ बघा

योग ग्रहांनी बनतो, आणि ग्रहच थकलेला असेल तर योग काय देणार. वहीत प्रत्येक ग्रहासमोर चार गोष्टी लिहा.

एक, रास. उच्च, मूलत्रिकोण, स्वराशी, मित्रराशी, सम, शत्रुराशी, नीच यातलं काय (उच्च सगळ्यात बळकट, नीच सगळ्यात कमजोर, मधलं उतरत्या क्रमाने). उच्च राशी आणि परमोच्च अंश असे: रवि मेष १०, चंद्र वृषभ ३, मंगळ मकर २८, बुध कन्या १५, गुरू कर्क ५, शुक्र मीन २७, शनी तूळ २०. बरोबर समोरच्या राशीत तोच अंश परमनीच.

दोन, अस्त. रवीपासून ठराविक अंशांच्या आत ग्रह आला की अस्तंगत. चंद्र १२, मंगळ १७, बुध १४ (वक्री, म्हणजे उलटा सरकताना दिसत असेल तर १२), गुरू ११, शुक्र १० (वक्री असेल तर ८), शनी १५. लोक नुसती युती (ग्रह एका राशीत) बघून खूश होतात आणि अंश बघत नाहीत, आणि नेमका तिथेच योग गळतो.

तीन, सोबत आणि दृष्टी. सगळे ग्रह सातव्या स्थानाकडे बघतात. त्याशिवाय मंगळ चौथ्या आणि आठव्याकडे, गुरू पाचव्या आणि नवव्याकडे, शनी तिसऱ्या आणि दहाव्याकडे. ग्रहासोबत किंवा ग्रहाकडे बघणारा कोण आहे ते लिहा.

चार, राशीच्या टोकाला आहे का. २९ अंशांच्या पुढे किंवा १ अंशाच्या आत असेल तर बाजूला खूण करा. असा ग्रह अयनांशाच्या थोड्याशा फरकाने रास बदलतो, त्यामुळे त्याच्यावर उभा असलेला योग ठामपणे सांगू नये.

चंद्राचं वेगळं बघायचं असतं. शुक्ल अष्टमी ते कृष्ण अष्टमीपर्यंतचा चंद्र बळकट धरतात, अमावास्येच्या आसपासचा क्षीण. आणि बुध ज्याच्या सोबत बसतो त्याच्यासारखा होतो, पापग्रहासोबतचा (शनी, मंगळ, राहू अशांसोबतचा) बुध शुभ ग्रहांत मोजू नका.

तपासा: इथपर्यंत वहीत दोन तक्ते झाले पाहिजेत, मालकांचा आणि बळाचा. ते नसतील तर पुढे जाऊ नका, खरंच सांगतोय.

## पायरी ५: आता योग शोधा

### पंचमहापुरुष योग

मंगळ (रुचक), बुध (भद्र), गुरू (हंस), शुक्र (मालव्य), शनी (शश), यातला कुणीही स्वराशीत किंवा उच्च राशीत असून लग्नापासून केंद्रात असेल तर हा योग. काही जण चंद्रापासूनही धरतात, मी लग्नापासूनच धरतो, कारण दोन्हीकडून धरायला लागलं की योगांची नुसती गर्दी होते.

एक झटपट तपासणी सांगतो, ही पाठ केली तर कुणी काहीही सांगितलं तरी फसणार नाही. चारही केंद्रांत कायम एकाच स्वभावाच्या राशी येतात, चर (मेष, कर्क, तूळ, मकर) लग्नाला चारही चर, स्थिर लग्नाला चारही स्थिर, द्विस्वभाव लग्नाला चारही द्विस्वभाव. त्यामुळे:

- हंस योग वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ या स्थिर लग्नांना होऊच शकत नाही, कारण कर्क चर आणि धनु-मीन द्विस्वभाव.
- भद्र योग फक्त मिथुन, कन्या, धनु, मीन लग्नांनाच.
- रुचक आणि शश द्विस्वभाव लग्नांना होत नाहीत.
- मालव्य मात्र कुठल्याही लग्नाला होऊ शकतो.

सिंह लग्नाच्या माणसाला कुणी "तुम्हाला हंस योग आहे" म्हणालं तर एकतर लग्न चुकलंय, नाहीतर चंद्रापासून मोजलंय. विचारा.

आणि शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. म्हणजे शनी तुळेत असताना जन्मलेल्या सगळ्या मुलांचा शनी उच्चच असतो. "उच्चीचा शनी" हे काही त्या एकट्या मुलाचं वैशिष्ट्य नाही, वेगळेपण लग्नाने येतं, म्हणून परत परत लग्नावर येतोय.

### गजकेसरी

चंद्रापासून गुरू केंद्रात, एवढीच व्याख्या सगळीकडे वाचायला मिळते. आता हिशोब करा, चंद्रापासून गुरू १२ पैकी कुठल्याही घरात असू शकतो, त्यातली ४ केंद्रं, म्हणजे साधारण तीनातल्या एका माणसाच्या पत्रिकेत हा असणारच. दर महिन्याला मिळून साधारण ९ दिवस तरी हा योग आकाशात असतो.

म्हणून पुढच्या अटी लावा. गुरू नीच, अस्तंगत किंवा शत्रुराशीत नको. त्याच्यासोबत किंवा त्याच्यावर शुभ ग्रहाची नजर असली तर उत्तम. चंद्र क्षीण नको. आणि दोघं लग्नापासून ६, ८, १२ मध्ये पडलेले नकोत, लग्नापासूनही केंद्रात आले तर सोन्याहून पिवळं. या सगळ्या चाळणीतून जो उरतो तोच गजकेसरी नाव घेण्यासारखा.

### बुधादित्य

बुध रवीपासून २८ अंशांपेक्षा लांब जातच नाही, त्यामुळे रवि-बुध एका राशीत असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. बघायचं ते अंतर. १४ अंशांच्या आत बुध अस्तंगत, आणि बरेच जण त्या अस्ताकडे सोयीने दुर्लक्ष करतात. रास कुठली, स्थान कुठलं, ते दोघं कुठल्या स्थानांचे मालक, हे बघितल्याशिवाय या योगाला फार किंमत देऊ नका.

### केंद्र-त्रिकोण राजयोग

हा खरा पाया. केंद्राचा मालक आणि त्रिकोणाचा मालक यांचा संबंध आला की राजयोग, आणि नवव्या-दहाव्याच्या मालकांचा आला तर धर्मकर्माधिपती योग, सगळ्यात वरचा. संबंध तीन प्रकारे मोजायचा: युती, परस्पर दृष्टी, आणि परिवर्तन म्हणजे एकमेकांच्या राशीत बसणं.

चुका होतात त्या दृष्टीच्या बाबतीत. दृष्टी परस्पर पाहिजे. गुरू पाचव्या नजरेने शुक्राकडे बघतोय पण शुक्र गुरूकडे बघत नाही, हा पूर्ण संबंध नाही. समोरासमोरचे ग्रह एकमेकांना बघतातच. आणि एक जागा लोकांच्या नजरेतून सुटते, मंगळ पहिल्या स्थानात आणि शनी चौथ्यात असेल तर मंगळाची चौथी नजर शनीवर आणि शनीची दहावी नजर मंगळावर, हीसुद्धा परस्पर दृष्टी झाली.

दुसरी चूक म्हणजे मालकाचं दुसरं घर विसरणं. मेष लग्नाला गुरू नवव्याचा पण बाराव्याचाही, शनी दहाव्याचा पण अकराव्याचाही. पाराशरी पद्धतीत मेष लग्नाला गुरू-शनी नुसते एकत्र आले म्हणून राजयोग धरत नाहीत. मिथुन लग्नाचा शनी नववा आणि आठवा दोन्ही सांभाळतो. अशा ठिकाणी योग आहे असं लिहा, पण शेजारी "मिश्र" लिहा.

### धनयोग

१, २, ५, ९, ११ यांच्या मालकांचा आपापसात संबंध. त्यात सहाव्या, आठव्या किंवा बाराव्याचा मालक घुसला तर पैसा येतो आणि कर्ज, आजारपण, खर्च अशा वाटेने जातोही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

### नीचभंग आणि विपरीत: इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते

ग्रह नीच आहे, आता त्याचं नीचत्व रद्द होतंय का बघायचं. उदाहरणार्थ गुरू मकरेत. बघायचं ते असं: मकरेचा मालक शनी लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात आहे का, मकरेत उच्च होणारा मंगळ केंद्रात आहे का, गुरूच्या उच्च राशीचा म्हणजे कर्केचा मालक चंद्र लग्नापासून केंद्रात आहे का, आणि शनी स्वतः गुरूसोबत आहे का किंवा त्याला बघतोय का. यातली एखादी अट बहुतेक पत्रिकांत लागतेच, म्हणून मी किमान दोन लागल्याशिवाय नीचभंग म्हणत नाही.

आणि नीचभंग म्हणजे लगेच नीचभंग राजयोग नव्हे. नीचपणा गेला म्हणजे ग्रह निदान जमिनीवर आला, एवढंच. तो केंद्र किंवा त्रिकोणाचा मालक असेल, चांगल्या स्थानात असेल, तर पुढे राजयोगाचं बोलू.

विपरीत राजयोगात ६, ८, १२ चे मालक या तीन स्थानांतच बसतात, सहाव्याचा बसला तर हर्ष, आठव्याचा सरल, बाराव्याचा विमल. अट अशी की त्यांच्यात बाकीच्या चांगल्या स्थानांचे मालक मिसळू नयेत. मिसळले तर त्या चांगल्या स्थानाचंच नुकसान. आणि याचं फळ आधी अडचण येऊन मग तिच्यातून वाट निघावी असं मिळतं, हे न सांगता नुसतं "राजयोग आहे" म्हणून सांगणं मला पटत नाही, ऐकणारा माणूस वेगळीच आशा धरून बसतो.

### चंद्राचे योग

चंद्रापासून दुसऱ्यात ग्रह असेल तर सुनफा, बाराव्यात अनफा, दोन्हीकडे असतील तर दुरुधरा. रवी, राहू, केतू मोजायचे नाहीत, लोक राहू धरून मोकळे होतात. चंद्रापासून ६, ७, ८ मध्ये बुध, गुरू, शुक्र असतील तर अधियोग, हा दुर्मिळ आहे आणि मिळाला तर लक्ष द्यावं असा आहे.

तपासा: सापडलेल्या प्रत्येक योगासमोर लिहा: कुठले ग्रह, कुठल्या स्थानांचे मालक, बळ चांगलं, मध्यम की कमी. ज्याच्यासमोर "कमी" येईल त्याच्यावर आत्ताच काट मारा.

## पायरी ६: नवमांशात पडताळा

नवमांश म्हणजे राशीचे ३ अंश २० कलांचे (६० कला म्हणजे १ अंश) ९ तुकडे. योग करणारा ग्रह नवमांशात कुठल्या राशीत गेला ते बघा. जन्मपत्रिकेत उच्च आणि नवमांशात नीच असेल तर बाहेरून दिसणारा डौल असतो पण टिकत नाही असं मानतात. उलट जन्मपत्रिकेत साधा आणि नवमांशात स्वराशीत किंवा उच्च असेल तर योग हळूहळू पण पक्का होतो. दोन्हीकडे एकच रास असेल तर वर्गोत्तम, चांगलं बळ.

सावध: नवमांशात नवीन योग शोधत बसू नका. ते पडताळायचं साधन आहे. जन्मपत्रिकेत नसलेला गजकेसरी नवमांशात सापडला म्हणून नाचू नये.

## पायरी ७: दशा कधी येते ते काढा

तीन वर्षं काही का हलत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. योग फळतो तो योग करणाऱ्या ग्रहांच्या महादशेत (आयुष्यातला त्या ग्रहाचा मोठा काळ) किंवा अंतर्दशेत (महादशेतला छोटा तुकडा). विंशोत्तरी या दशापद्धतीची वर्षं: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, मिळून १२०. सुरुवात जन्मनक्षत्राच्या स्वामीपासून, आणि चंद्राने नक्षत्राचा जेवढा भाग ओलांडलाय तेवढी वर्षं वजा करून.

अंतर्दशा काढायचं सूत्र सोपं आहे, महादशेची वर्षं गुणिले अंतर्दशेच्या ग्रहाची वर्षं भागिले १२०. महादशा म्हातारपणी येत असेल तर निराश होऊ नका, आधीच्या महादशांमधल्या त्या ग्रहाच्या अंतर्दशा शोधा. त्याही वेळी गुरू आणि शनीचं गोचर (त्या वेळचं आकाशातलं भ्रमण) साथ देतंय का बघायचं.

सावध: "तुमचा योग झोपलेला आहे, हे रत्न घाला म्हणजे जागा होईल" असं कुणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी एकच विचारा, हा ग्रह माझ्या लग्नाला कुठल्या स्थानांचा मालक आहे? सरळ उत्तर आलं नाही तर उठून या. आणि दशा येतेय म्हणून नोकरी सोडणं, कर्ज काढून धंद्यात टाकणं असले निर्णय नुसत्या योगावर कधीच घेऊ नका, माझी हात जोडून विनंती आहे.

## पायरी ८: एक पत्रिका शेवटपर्यंत सोडवून बघू

सरावासाठी बनवलेली पत्रिका घेऊ, म्हणून मोजकेच ग्रह घेतोय. तूळ लग्न १२ अंश. शनी तुळेत २१ अंश. चंद्र मकरेत ८ अंश. गुरू मेषेत २ अंश. रवी कर्केत १० अंश, बुध कर्केत १७ अंश.

ॲप सांगेल: शश योग, गजकेसरी, बुधादित्य, धर्मकर्माधिपती राजयोग. चार मोठे योग. आता आपला क्रम लावू.

शश योग. शनी उच्च, लग्नात, शिवाय तूळ लग्नाला योगकारक, परमोच्च २० अंशांच्या अगदी जवळ. कागदावर यापेक्षा चांगलं काय हवं. पण नवमांश काढा. तूळ चर रास, म्हणून तिचे नवमांश तुळेपासूनच सुरू होतात, २० अंश ते २३ अंश २० कला हा सातवा तुकडा, तुळेपासून सातवी रास मेष. म्हणजे शनी नवमांशात नीच. योग आहे, मोठा आहे, पण मिळालेलं टिकवायला कष्ट पडतील असं वहीत लिहायचं. अंश बघितलेच नसते तर हे कळलंच नसतं.

गजकेसरी. मकरेपासून मेष चौथी, केंद्र झालं. चंद्र रवीच्या जवळपास समोर म्हणजे पौर्णिमेचा, बळ उत्तम. गुरू मंगळाच्या म्हणजे मित्राच्या राशीत, लग्नापासूनही सातव्यात, आणि मेषेच्या पहिल्या ३ अंश २० कलांत असल्यामुळे वर्गोत्तम. पण तो तिसऱ्या-सहाव्याचा मालक, आणि समोरून शनीची नजर. नाव, ओळखी, लोकांचं सहकार्य या बाबतीत चांगला, पण सहाव्याचा रंग त्यात राहणार, म्हणजे स्पर्धा आणि वादविवाद यातून वर येणं. "चांगला, मिश्र."

बुधादित्य. अंतर ७ अंश, बुध अस्तंगत, शिवाय चंद्राच्या म्हणजे बुधाच्या शत्रूच्या राशीत. रवी अकराव्याचा मालक आणि बुध नवव्याचा, म्हणून दशमात धनयोगाचा धागा आहे, पण बुधादित्य म्हणून वेगळं कौतुक नको.

धर्मकर्माधिपती. नवव्याचा मालक बुध दशमात, दहाव्याचा मालक चंद्र चौथ्यात, समोरासमोर, परस्पर दृष्टी पूर्ण. योग खरा. चंद्र जोरदार, बुध अस्तंगत आणि बाराव्याचाही मालक, म्हणजे गाडीचं एक चाक पक्कं आणि एक कमजोर.

दशा. मकरेचे ८ अंश म्हणजे उत्तराषाढा, स्वामी रवी. नक्षत्राचे २ अंशच उरलेत, म्हणून जन्माच्या वेळी रवीची साधारण ११ महिने शिल्लक. मग चंद्र वय ११ पर्यंत, मंगळ १८ पर्यंत, राहू ३६ पर्यंत, गुरू ५२ पर्यंत, आणि त्यानंतर शनीची १९ वर्षं. म्हणजे धर्मकर्माधिपतीतला चांगला ग्रह चंद्र, त्याची महादशा लहानपणीच संपली, त्याचं फळ आईवडिलांच्या भरभराटीतून मिळालेलं असू शकतं. शश योगाची महादशा ५२ नंतर.

हा मुलगा आज २२ वर्षांचा असेल आणि विचारत असेल की एवढे योग असून काही का होत नाही, तर राहूची महादशा उघडून अंतर्दशा मोजा. राहू-राहू २.७ वर्षं, राहू-गुरू २.४ वर्षं, म्हणजे वय साधारण २३ पर्यंत. त्यानंतर राहू-शनी २.८५ वर्षं, जवळपास २६ पर्यंत, लगेच राहू-बुध २.५५ वर्षं, साडेअठ्ठावीसच्या आसपास संपते. त्याच्यासाठी वहीत शेवटची ओळ अशी लिहायची: योग दोन धरायचे, शश आणि धर्मकर्माधिपती, पहिली संधी वय २३ ते २८, त्यातली पहिली अडीच-तीन वर्षं जास्त महत्त्वाची, आणि गुरू-शनीचं त्या वर्षांतलं गोचर काढून तारखा समोर लिहायच्या.